धावलो मी, तास तिचे

मागच्या डिसेंबरात मी सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले एका दिवसात पार केले. अंतर सुमारे ५३ किलोमीटर. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रा म्हणतात, आणि ती डांबरी रस्त्याऐवजी डोंगरवाटांवरून असेल तर ट्रेल अल्ट्रा. पहाटे अंधारात सिंहगडाच्या पायथ्यापासून निघालो आणि वेल्ह्यात पोहोचलो तेव्हा पुन्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी गळ्यात पदक घालून फोटो टाकला. खाली लिहिलं, 'जिद्द असेल तर काहीही शक्य आहे.' दिवसभर 'माशाअल्लाह' आणि 'अभिनंदन' येत राहिलं. बायकोनेही तो फोटो पाहिला, खालचं वाक्य वाचलं आणि काही न बोलता फोन परत दिला.

आज वर्षभराने ते वाक्य मला अर्धवट वाटतं. त्याचा राहिलेला अर्धा भाग इथे लिहितोय.

आधी त्या दिवसाबद्दल. सिंहगडाची चढण संपवून कल्याण दरवाजाजवळ आलो तेव्हा फजरची वेळ संपत आली होती. वजू निघतानाच केला होता. सोबत धावणारा माझा मित्र वारकरी घरातला. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने माझी पाठीवरची पिशवी काढून घेतली, बॅटरीचा उजेड पायाखालच्या दगडांवर धरला आणि थांबला. पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिलो. डाव्या हाताला राजगड-तोरण्याची रांग होती, दिवसभर चालायची होती ती. पाच मिनिटांत नमाज झाली. त्या पाच मिनिटांत पंधरा-वीस जण आमच्या पुढे गेले. शर्यतीत स्वतःची पाच मिनिटं दुसऱ्याला देणं म्हणजे काय, हे धावणाऱ्यालाच कळतं. त्याने नंतर त्याचा उल्लेखही केला नाही.

पुढे डोंगराची धार, मग उतार. हिवाळ्यात सह्याद्रीचं गवत वाळून निसरडं होतं आणि उतारावर सगळीकडे घसारा असतो. पहाटे हात गारठून बोटं वळत नव्हती आणि साडेदहापर्यंत ऊन डोक्यात जायला लागलं. चढ दमवतो, पण मांड्या खरं तर उतारावर जातात. प्रत्येक पावलाला शरीराचा भार आवरून धरताना स्नायूंच्या आतले धागे तुटत असतात. गुंजवण्याला उतरलो तेव्हा पायाच्या दोन बोटांना फोड आले होते आणि पोट बिघडलं होतं.

बाहेरच्या माणसांनी ठरवून दिलेल्या जागीच मदत करायची, असा नियम होता. तिथे आमची गाडी उभी होती. बायको, दोन मुलं, धाकटी बहीण आणि मागच्या सीटवर अब्बा. मी म्हणालो, "पुढे होईल असं वाटत नाही." बायकोने त्याला उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, "आधी बूट काढा. काहीतरी खा. मग ठरवा." तिने फोड पुसले, पट्टी चिकटवली, कोरडे मोजे दिले. बहिणीने मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि खजूर पुढे केले. नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस भोवळून पडतो, म्हणून तिने लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घरून करून आणलं होतं. अब्बा तसबीह फिरवत होते. त्यांनी इतकंच विचारलं, "अजून किती डोंगर?" मी म्हणालो, "दोन." ते म्हणाले, "मग निम्म्याहून जास्त झालंय." हिशेब चुकीचा होता, पण माझ्या उपयोगी पडला.

पंचवीस मिनिटांनी मी उठलो. चोर दरवाजाच्या चढावर ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन चढणाऱ्या एक मावशी भेटल्या. पायात साध्या चपला. त्या हा चढ रोजच्या पोटासाठी चढतात, आणि त्यांना पदक कोणी देत नाही, हे मला वरच्या पायरीवर धापा टाकताना जाणवलं. पुढे संजीवनी माची, मग ती न संपणारी धार, तोरण्याची बुधला माची आणि शेवटचा वेल्ह्याचा उतार. हा भाग मी कसा पार केला हे मला नीट आठवतही नाही. मित्र पुढे राहून दर वळणाला हाक देत होता, एवढं आठवतं.

आता हिशेबाचं. एका दिवसाची मदत डोळ्यांना दिसते. फोटोत गाडी दिसते, बटाटे दिसतात. त्याआधीची मदत दिसत नाही.

अशा शर्यतीची तयारी मी २४ आठवडे केली. आठवड्याला साधारण १० तास. चार दिवस पहाटे धावणं, एक दिवस व्यायाम, आणि रविवारी चार-पाच तास डोंगरात. म्हणजे एकूण २४० तास. हे तास आले कुठून? माझी नोकरी तितकीच होती. रात्रीची झोप उलट वाढली होती, कारण थकलेल्या माणसाला झोप लागते. २४० तास आले ते घरातून. मी पहाटे पाचला बाहेर पडायचो तेव्हा अब्बांचं इन्सुलिन, मुलांचे डबे, धाकट्याची रिक्षा, दूधवाला, गॅसवाला हे सगळं एकट्या माणसाच्या अंगावर पडायचं. रविवारी मी डोंगरातून येऊन दुपारभर झोपायचो तेव्हा घरात आवाज होऊ नये म्हणून मुलांना बाहेर काढलं जायचं. मी जिद्दीने धावत होतो हे खरं. पण त्या जिद्दीचा वेळ दुसऱ्याच्या दिवसातून कापून घेतलेला होता, आणि तो कापताना मी विचारलंही नव्हतं.

हे फक्त माझ्या घरात होतं असं नाही. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात सरकारी आकडे आहेत. घरच्या बिनपगारी कामात हात लावणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, तर पुरुष ९७ मिनिटं. त्यातही मुळात हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच. बायका मात्र ऐंशीहून अधिक. यात हिंदू घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, सगळीच आहेत. आमच्या धावण्याच्या गटातले बहुतेक पुरुष हिंदू आहेत, आणि त्यांच्या घरच्या गोष्टी माझ्या घरासारख्याच आहेत. पहाटे पाचला टेकडीवर दिसणारा प्रत्येक विवाहित पुरुष बहुधा कोणाच्या तरी साडेचारच्या उठण्यावर धावत असतो.

शर्यतीनंतर महिनाभराने, जानेवारीत, जेवताना बायको म्हणाली, "पुढच्या डिसेंबरात त्याच डोंगरात पंचवीस किलोमीटरची शर्यत आहे ना? मला करायचीय."

त्यावर मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण ते लिहिलं नाही तर या लेखाला अर्थ नाही. मी म्हणालो, "पहाटे एकटी कुठे धावणार? मोहल्ल्यात लोक बघतात. आणि ओढणी-स्कार्फ सांभाळून डोंगरात कसं जमेल? आधी चालायला सुरुवात कर, मग बघू."

ती घरातल्या आमच्या दखनीत इतकंच म्हणाली, "तुम गये तब किसने पूछा था?"

खरंच, मला कोणी विचारलं नव्हतं. मी अर्ध्या चड्डीत भर मोहल्ल्यातून धावत जायचो तेव्हा मशिदीतून बाहेर पडणारे बुजुर्ग हसून सलाम करायचे. कोपऱ्यावरचा चहावाला 'आज किती किलोमीटर?' म्हणायचा. माझं धावणं हा मोहल्ल्याचा अभिमान होता. तिचं धावणं हा मोहल्ल्याचा विषय होणार होता, आणि तो सगळ्यांच्या आधी मी केला होता.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांबद्दल 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ मध्ये लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बाईला रस्त्यावर असण्यासाठी कारण दाखवावं लागतं. हातात भाजीची पिशवी, कडेवर मूल, कानाला फोन. विनाकारण रस्त्यावर असणं ही पुरुषांची मिजास आहे. पहाटेचं धावणं हे तर कारण नसलेलं बाहेर पडणंच. ते कोणाच्या पोटासाठी नसतं, मुलांसाठीही नसतं. आपल्याला आवडतं म्हणून बाहेर पडायचं असतं. माझ्या बायकोने नोकरीसाठी रोज दोन बस बदलल्या तेव्हा मला तिच्या सुरक्षेची काळजी वाटली नव्हती. स्वतःच्या आनंदासाठी ती बाहेर पडणार म्हटल्यावर वाटली.

या ठिकाणी आपल्याकडे धर्म पुढे केला जातो. मीही मनात तो केला होता. म्हणून दोन गोष्टी सांगतो, ज्या आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पहिली अबू दाऊदच्या हदीस-संग्रहातली. एका सफरीत पैगंबर (स.) आणि हजरत आयशा (र.) यांनी धावण्याची शर्यत लावली आणि आयशा (र.) जिंकल्या. पुढे कधीतरी पुन्हा शर्यत झाली, तेव्हा पैगंबर (स.) जिंकले आणि मागच्या हरण्याची फेड झाली असं त्यांनी म्हटलं. एका रिवायतीत असंही आहे की शर्यतीआधी त्यांनी सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितलं. जुम्म्याच्या बयानांत ही हदीस ऐकायला मिळते, पण ती पती-पत्नीतल्या प्रेमाचं उदाहरण म्हणून. आयशा (र.) धावल्या आणि पहिल्यांदा जिंकल्या, यावर कोणी रेंगाळत नाही. मला मात्र आता त्यातलं सर्वांत मोठं वाक्य ते वाटतं, जिथे बाकीच्यांना पुढे पाठवलं गेलं. तिला मोकळेपणाने धावता यावं म्हणून जागा करून दिली गेली. जागा करायची म्हणून बाकीच्यांना हलवलं, तिला थांबवलं नाही.

दुसरी सफा आणि मरवाची. हजला किंवा उमऱ्याला जाणारा प्रत्येक मुसलमान या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो. एकूण अंतर तीन किलोमीटरच्या थोडं वर जातं. ही सई म्हणजे बीबी हाजरा यांच्या धावण्याची आठवण. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत एक आई उघड्या वाळवंटात एकटी धावली. आज त्या वाटेवर हिरव्या दिव्यांची एक पट्टी आहे. त्या पट्टीत पुरुषांनी वेग वाढवायचा असतो आणि बायकांनी नेहमीच्या चालीने जायचं असतं. त्यामागे परद्याचं कारण सांगितलं जातं. मी फिकह बदलायला निघालेलो नाही, तो माझा अधिकारही नाही. पण जिथे आपण पुरुष धावतो तिथे आपण एका बाईच्या पावलांवर पाऊल टाकत असतो, एवढं तरी लक्षात असावं. धावणं बाईला शोभत नाही, हे वाक्य निदान मुसलमानाच्या तोंडी येऊ नये.

दुसऱ्या बाजूच्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे. फेब्रुवारीत बायकोने धावायला सुरुवात केली आणि रमजाननंतर ती नियमित झाली. टेकडीवर तिला भेटणारे काही सुशिक्षित लोक तिचा स्कार्फ बघून हळहळतात. 'घरातून परवानगी आहे का?' असं एका बाईंनी तिला विचारलं. दुसऱ्या एका गृहस्थांनी तिचा फोटो काढून 'बंधनं तोडणारी' असं काहीतरी लिहायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली. तिला उतारावर गुडघा दुखत होता. तिला बूट कोणते घ्यावेत याची माहिती हवी होती. घामाने स्कार्फ जड होतो, हलकं कापड कुठे मिळेल हे विचारायचं होतं. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी आणि टेकडीवरच्या उदारमतवाद्यांनी तिच्या डोक्यावरचं कापड पाहिलं. तिला काय हवं आहे हे दोघांनीही विचारलं नाही.

माझी चूक याहून वेगळी होती. सुरुवातीला मी तिच्यासोबत सायकल घेऊन जायचो. मला वाटायचं, मी तिला साथ देतोय. चौथ्या-पाचव्या दिवशी ती थांबली आणि म्हणाली, "तुम्ही राखण करताय. त्याने माझा दम लवकर जातो." तेव्हा मला गुंजवण्यातली ती पंचवीस मिनिटं आठवली. तिथे तिने माझ्यासाठी काहीच ठरवलं नव्हतं. बूट काढा, खा, मग ठरवा. मी मात्र वेग, वळण, परतायची वेळ, सगळं ठरवत होतो. मे महिन्यात एकदा ती पंधरा किलोमीटरचं धावणं अर्धवट टाकून आली आणि 'माझ्याने होणार नाही' म्हणाली. मी लगेच म्हणालो, 'राहू दे मग.' मला ते समजूतदारपणाचं वाटलं होतं. माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं होतं तेव्हा तिने मला आधी खायला दिलं होतं.

आता मी सायकल नेत नाही. मी घरी थांबतो. डबे मी करतो. अब्बांचं इन्सुलिन मी देतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज बहू कुठे गेली?" मी म्हणालो, "धावायला." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पोहे कच्चे राहिलेत." रविवारी ती बहिणीसोबत आणि आता मोहल्ल्यातल्या आणखी तिघींसोबत जाते. त्यातली एक शाळेत शिकवते, एकीचं शिवणकाम आहे. पाचजणी झाल्यावर रस्ता बराच मोकळा झाला, असं ती सांगते. आपण एकट्याच्या नमाजपेक्षा जमातीच्या नमाजचा सवाब सत्तावीस पट सांगतो. पहाटेच्या रस्त्यावरही जमातीचं गणित लागू पडतं असं दिसतं.

२०१९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये जास्मिन पॅरिस या धावपटूने 'स्पाइन रेस' जिंकली. २६८ मैलांची, ऐन हिवाळ्यातली, पेनाइन डोंगररांगेवरची शर्यत. तिने ती ८३ तास १२ मिनिटांत पूर्ण केली, सगळ्या पुरुषांना मागे टाकून आणि आधीचा विक्रम बारा तासांनी मोडून. तिची मुलगी तेव्हा १४ महिन्यांची होती आणि ती विश्रांतीच्या ठिकाणी थांबून लेकीसाठी दूध काढून ठेवत होती. ही बातमी जगभर 'आईची जिद्द' म्हणून गाजली. जिद्द होतीच. पण त्या ८३ तासांत ते बाळ कोणाच्या तरी कडेवर होतं, कोणीतरी त्याला झोपवत होतं. बाईला संधी मिळाली तर ती काय करते, हे त्या बातमीने दाखवलं. संधी म्हणजे कोणाचे तरी तास, हे मात्र त्या बातमीत फारसं आलं नाही.

आपल्या मराठी मुलखाला हे नवीन नाही. माझा मित्र सांगतो, आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं चालणं एकट्याच्या भक्तीवर होत नाही. दिंडीचा ट्रक असतो, तंबू असतो, पुढे जाऊन चूल पेटवणारी माणसं असतात, वाटेवर पाणी देणारे असतात, आणि पुण्यात त्यांत आपल्या मोहल्ल्यातली पोरंही असतात. तिथे साठीची आजी डोक्यावर तुळस घेऊन चालते आणि तिला कोणी 'कशाला?' विचारत नाही, कारण सगळी दिंडी तिच्यासोबत असते.

आपल्या मोहल्ल्यात रात्रीच्या उजेडात क्रिकेटचे सामने होतात. त्यासाठी वर्गणी निघते, दिवे लागतात, चषक येतात, कधी जमातचे जबाबदार लोक बक्षीस द्यायला येतात. ते चांगलंच आहे, पोरं व्यसनापासून दूर राहतात. माझी मागणी मोठी नाही. त्याच मैदानाचा सकाळचा एक तास मुलींसाठी राखून ठेवा. त्या तासाला पुरुषांनी पहारा द्यायला येऊ नये. त्यांनी घरी थांबून डबे करावेत.

येत्या डिसेंबरात तिची पंचवीस किलोमीटरची शर्यत आहे. मी यंदा धावणार नाही. मी, दोन्ही मुलं आणि अब्बा, आम्ही शेवटच्या टप्प्यावर गाडी लावून थांबणार आहोत. बटाटे मी उकडणार आहे. मीठ किती घालायचं हे तिने लिहून दिलंय. ती म्हणाली, "मी 'होणार नाही' म्हटलं, तर काय करायचं लक्षात आहे ना?"

मी म्हणालो, "आधी बूट. मग खाणं. मग तू ठरव."